संगणकातील विषाणू आणि हेर : निदान, उपचार आणि पथ्य

डिसेंबर १९८९ मध्ये निरनिराळ्या देशांतील सुमारे वीस हजार पत्त्यांवर टपालाने एक फ्लॉपी डिस्क पोहोचली. एड्सविषयीची प्राथमिक माहिती देणारी डिस्क, अशा अर्थाचे लेबल तिच्यावर होते. ती ज्यांना मिळाली त्यांत संगणकविषयक एका नियतकालिकाचे वर्गणीदार होते, तसेच जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेस उपस्थित राहिलेली मंडळीही होती. डिस्क संगणकात घातली की ती काही प्रश्न विचारून त्या व्यक्तीस रोगाचा धोका कितपत आहे हे सांगत असे. त्यानंतर साधारण नव्वद वेळा संगणक सुरू केला की हार्ड डिस्कवरील फायलींची नावे सांकेतिक लिपीत बदलून जात आणि १८९ डॉलर पनामा येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवावेत, अशी मागणी पुढे येई. हा प्रोग्रॅम रचणारे जोसेफ पॉप हे स्वतः जीवशास्त्रज्ञ होते. खंडणी मागणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

धार आणि देवास येथील आपल्या दवाखान्यांत आज संगणक हा टेबलावरील स्टेथोस्कोपइतकाच परिचित झाला आहे. रुग्णांची नोंद, सोनोग्राफीच्या प्रतिमा, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचा साठा, बँकेचे व्यवहार आणि प्राप्तिकराचे विवरण या साऱ्यांचा निवास त्या एका पेटीत असतो. शिवाय घरी तोच संगणक मुलांचा अभ्यास आणि नातवंडांचे खेळ यांसाठीही वापरला जातो. अशा यंत्राला होणारे आजार कोणते, ते ओळखावेत कसे आणि त्यांवर उपाय काय, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. वैद्यकीय परिभाषा आपल्या हाडीमांसी भिनलेली असल्याने विषय समजण्यास ती उपयोगी पडेल; मात्र तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतील.

नाव आणि वर्गीकरण

स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसविणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने १९८३ साली करून दाखविले आणि त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी त्यास 'व्हायरस' हे नाव सुचविले. नाव अन्वर्थक होते. जैविक विषाणू ज्याप्रमाणे यजमान पेशीवाचून वाढू शकत नाही, त्याप्रमाणे संगणकातील विषाणूलाही यजमान फाईल लागते आणि ती फाईल कोणीतरी उघडावी लागते.

व्यक्तिगत संगणकावर सर्वत्र पसरलेला पहिला विषाणू १९८६ साली लाहोरहून आला. 'ब्रेन' नावाचा हा विषाणू बासित व अमजद फारूख अल्वी या दोन बंधूंनी लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो लिहिल्याचे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्यात स्वतःचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घालून लसीकरणासाठी संपर्क साधण्याची सूचनाही केली होती!

आज या उपद्रवी प्रोग्रॅमांना एकत्रितपणे 'मालवेअर' म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

विषाणू : इतर फायलींना चिकटून पसरणारा.

कृमी अर्थात वर्म : यजमान फाईलीची गरज नसलेला, जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपण होऊन जाणारा. ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' हा या जातीचा. संगणक केवळ इंटरनेटला जोडलेला असणे एवढे निमित्त त्यास पुरत असे.

ट्रोजन : उपयुक्त वस्तूच्या वेषात येणारा. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाखाली ई-मेलने जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा वस्तुतः वर्म होता. परंतु आत शिरण्यासाठी त्याने ट्रोजनचाच वेष घेतला. फाईलीच्या नावात मजकुराचा शेपटा आधी आणि प्रोग्रॅमचा शेपटा नंतर होता. विंडोज हा शेवटचा शेपटा लपवीत असल्याने वाचणाऱ्यास ती साधी चिठ्ठी वाटली.

रॅन्समवेअर : फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. पॉप यांच्या फ्लॉपीचा हा आधुनिक वंशज.

स्पायवेअर : गुपचूप राहून माहिती बाहेर पाठविणारा. याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

शांत वाहक

विषाणूने केलेला बिघाड लवकर लक्षात येतो. हेराचे यश मात्र लक्षात न येण्यातच असते. रोगाची कोणतीही लक्षणे न दाखविता संसर्ग बाळगणाऱ्या वाहकाशी स्पायवेअरची तुलना करता येईल. त्याचा सौम्य प्रकार आपण कोणती संकेतस्थळे पाहतो याची टिपणे ठेवतो व त्यानुसार जाहिराती दाखवितो. तीव्र प्रकारातील 'कीलॉगर' कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवतो. त्यात बँकेचा पासवर्ड येतो, तसे रुग्णाच्या नावापुढे लिहिलेले निदानही येते.

स्पायवेअर बहुधा आपल्या संमतीनेच आत येते. फुकट मिळणारा एखादा प्रोग्रॅम बसविताना आपण न वाचताच 'नेक्स्ट, नेक्स्ट' करीत जातो आणि आधीच खूण केलेल्या चौकटीतून एखादा टूलबार सोबत येतो. तरीही केवळ अनोळखी ठिकाणांविषयीच सावध राहून भागत नाही. २००५ साली सोनी बीएमजी या ख्यातनाम कंपनीच्या काही संगीत सीडी संगणकात घालताच त्या स्वतःला लपवून ठेवणारा प्रोग्रॅम बसवीत असल्याचे उघडकीस आले आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

'ध' चा 'मा'

संगणक स्वतः विचार करीत नाही. समोर आलेला हुकूम तो अक्षरशः पाळतो. हा धोका आपल्या इतिहासास अपरिचित नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. 'धरावे' या शब्दातील 'ध' चा 'मा' करून आनंदीबाईंनी गारद्यांकडे हुकूम पाठविल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे त्याच आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला आणि तेथेच १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, मालवेअरची कार्यपद्धती तिने नेमकी सांगितली आहे. हुकूम देणारा खरा, पाळणारा आज्ञाधारक. बदल होतो तो वाटेत.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत असेच घडले. ग्राहकाने एटीएममध्ये कार्ड घातले की खात्यात रक्कम आहे काय, अशी विचारणा बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. मालवेअरच्या साहाय्याने चोरांनी या वाटेवर आपला खोटा मध्यस्थ बसविला. तो विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोहोचूच न देता परस्पर 'होय' असे उत्तर देऊ लागला. ११ ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळते झाले. एकूण हानी ९४ कोटी ४२ लाख रुपयांची होती. म्हणूनच नामांकित कंपन्या आपल्या प्रोग्रॅमवर अंकीय स्वाक्षरी करतात. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी ती स्वाक्षरी जुळत नाही आणि विंडोज तसा इशारा देते. तो इशारा न वाचता 'यस' दाबणे म्हणजे खलित्यावरील मोहोर न पाहताच हुकूम बजावणे होय.

लक्षणे आणि निदान

संगणक मंद झाला की विषाणूस दोष देण्याची प्रथा पडली आहे. ताप म्हणजे प्रत्येक वेळी मलेरिया नव्हे, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. हार्ड डिस्क भरत येणे किंवा निकामी होऊ लागणे, अपुरी मेमरी, पंख्यात साठलेल्या धुळीमुळे यंत्र तापणे ही कारणे प्रथम तपासावीत. पुढील लक्षणे मात्र संशयास्पद समजावीत : ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे, न मागितलेला टूलबार दिसणे, ब्राउझर बंद असतानाही जाहिराती उमटणे, अँटिव्हायरस आपण होऊन बंद पडणे, आपण न पाठविलेली पत्रे परिचितांना मिळणे, फायलींचे शेपटे बदलणे.

आपल्याकडे वारंवार आढळणारे एक लक्षण म्हणजे पेन ड्राइव्हमधील सर्व फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे 'शॉर्टकट' दिसणे. मूळ फोल्डर बहुतेक वेळा तेथेच, फक्त दडविलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केले की विषाणू चालू होतो. अशा वेळी पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची घाई करू नये. आधी ती तपासून घ्यावी आणि मग लपविलेल्या फायली दाखविण्याचा पर्याय निवडून आपले फोल्डर परत मिळवावेत.

याउलट 'आपल्या संगणकात विषाणू सापडला आहे, त्वरित या क्रमांकावर फोन करा' असा संदेश ब्राउझरमध्ये उमटला तर तो संदेश हाच रोग आहे. कोणतीही संगणक कंपनी अशा रीतीने आपला क्रमांक पडद्यावर देत नाही. फोनवरील व्यक्तीच्या सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्रॅम बसविणे म्हणजे घराची किल्ली चोराच्या हाती देणे होय.

अँटिव्हायरसचे सामर्थ्य आणि मर्यादा

अँटिव्हायरस मुख्यतः दोन प्रकारे काम करतो. पहिल्यात ज्ञात विषाणूंच्या विशिष्ट खुणांची यादी त्याच्यापाशी असते व प्रत्येक फाईल तिच्याशी ताडून पाहिली जाते. प्रतिपिंडाने प्रतिजनास ओळखावे तसे हे आहे. दुसऱ्यात फाईलीच्या वर्तनाकडे पाहिले जाते. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फायली बदलू लागला तर नाव ठाऊक नसतानाही त्यास थोपविता येते. पहिल्या पद्धतीला नवा विषाणू ओळखता येत नाही, तर दुसरीत निरपराध प्रोग्रॅमवर आळ येण्याचा संभव असतो. सर्व विषाणू अचूकपणे ओळखील आणि कधीही चुकणार नाही असा प्रोग्रॅम तत्त्वतः अशक्य आहे, हे कोहेन यांनी गणिताने सिद्ध केले आहे. म्हणून शंभर टक्के संरक्षणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

या क्षेत्रात मराठी माणसाने मोलाचे कार्य केले आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे बंधू संजय काटकर यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणूंचा उपद्रव पाहून १९९५ साली 'क्विक हील' हे अँटिव्हायरस बाजारात आणले. २०१६ साली त्यांच्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

विंडोज ८ पासून विंडोजमध्येच 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस अंतर्भूत असतो आणि तो अद्ययावत ठेवला तर सामान्य वापरास पुरेसा ठरतो. कोणताही निवडा, पण सतत जागता पहारा देणारा एकच ठेवावा. दोन ठेवल्यास ते परस्परांशीच झुंजतात. दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ मागणीनुसार तपासणी करणारा प्रोग्रॅम वापरावा. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'मार्फत २०१७ पासून अशी साधने विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली आहेत.

उपचाराचा क्रम

संसर्गाची खात्री झाल्यास पुढील क्रम पाळावा.

१. विलगीकरण. नेटवर्कची तार काढावी, वायफाय बंद करावे. जोडलेली पेन ड्राइव्ह व बॅकअपची डिस्क तत्काळ अलग करावी.

२. बॅकअप नसल्यास केवळ कागदपत्रे व प्रतिमा एका वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात. प्रोग्रॅम घेऊ नयेत. ही डिस्क तपासणी झाल्याखेरीज दुसऱ्या संगणकास लावू नये.

३. विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी करणारा पर्याय वापरावा. डिफेंडरमध्ये तो 'ऑफलाइन स्कॅन' या नावाने आहे. विंडोज चालू असताना विषाणूही जागा असतो आणि स्वतःस लपवू शकतो. विंडोज निद्रिस्त असताना तो असहाय असतो, भूल दिल्यावर शस्त्रक्रिया करावी तसा हा प्रकार आहे.

४. बसविलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेनुसार लावून पाहावी. आजार सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम, ब्राउझरमधील जोडण्या आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम काढून टाकावेत.

५. ई-मेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या निरोगी संगणकावरून बदलावेत. त्याच संगणकावर बदलल्यास नवा पासवर्डही हेराच्या हाती जाईल.

६. एवढे करूनही शंका उरली तर हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावे. सजीव देहाप्रमाणे संगणक कालांतराने आपोआप बरा होत नाही. उलट, पूर्ण पुसून पुन्हा जन्म देण्याची जी सोय वैद्यकशास्त्रात नाही ती येथे आहे. तिचा उपयोग करण्यास संकोच करू नये.

रॅन्समवेअरचा हल्ला असल्यास खंडणी देऊ नये. पैसे भरूनही फायली परत मिळतील याची शाश्वती नसते. पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घ्यावे व पोलिसांत तक्रार करावी. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. युरोपोल व इतर संस्थांनी २०१६ साली सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात काही जातींच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. तेथे शोध घेऊन पाहावा.

पथ्य

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरने इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० सरकारी आरोग्य ट्रस्टांच्या कामकाजात व्यत्यय आणला. रुग्णांच्या हजारो भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्यापूर्वी दोन महिने, मार्चमध्येच दिली होती. लस उपलब्ध होती, परंतु टोचून घेतली गेली नव्हती. म्हणून विंडोजच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घेणे हे पहिले पथ्य. विंडोज ७ साठी त्या जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० साठी सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. सोनोग्राफीसारख्या यंत्राचा संगणक जुन्याच प्रणालीवर चालविणे भाग असेल तर तो इंटरनेटपासून अलग ठेवावा.

दुसरे पथ्य विभाजनाचे. एकाच देवास नगरीत थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदली. प्रत्येकाचा दरबार वेगळा, खजिना वेगळा. संगणकावरही अशी वाटणी हितावह असते. दवाखान्याचा संगणक आणि घरचा संगणक स्वतंत्र असावेत. ते शक्य नसेल तर निदान खाती स्वतंत्र असावीत. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' खाते केवळ नवा प्रोग्रॅम बसविण्यापुरते उघडावे. मर्यादित खात्यात शिरलेल्या विषाणूला सहसा दुसऱ्या पातीची हद्द ओलांडता येत नाही.

तिसरे पथ्य बाह्य वस्तूंविषयीचे. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने भेट दिलेली पेन ड्राइव्ह असो, वा रुग्णाने आणलेली एमआरआयची सीडी, तपासल्यावाचून उघडू नये. फायलींचे शेपटे दिसतील अशी व्यवस्था विंडोजमध्ये करून घ्यावी. चोरट्या प्रतींचे सॉफ्टवेअर आणि त्यांचे कुलूप तोडणारे 'क्रॅक' यांपासून तर दूरच राहावे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य बॅकअपचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील पाच सर्व्हर रॅन्समवेअरने ग्रासले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. जाळ्याचे योग्य विभाजन नसल्याने हे घडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्याच उत्तरात असेही होते की एक बॅकअप सर्व्हर संसर्गापासून वाचला आणि ई-हॉस्पिटलची माहिती त्यावरूनच परत मिळाली. आपणही माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दवाखान्याबाहेर असावी. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही रॅन्समवेअर कुलूपबंद करतो. काही महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाईल परत आणून पाहावी.

कर्तव्य

दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने विषाणू सोडणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा आहे. परंतु कायदा आपणांवरही काही जबाबदाऱ्या टाकतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन कराव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. त्या विषाणूने नष्ट केल्या, असे उत्तर रुग्णास कितपत पटेल? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही संमत झाला आहे.

कायदा दूर ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. क्षयरोगाचे, मानसिक विकाराचे किंवा वंध्यत्वाचे निदान रुग्ण आपल्याजवळ विश्वासाने ठेवून जातो. आपल्या गावांत सर्व जण सर्वांना ओळखतात. येथे अशी एखादी नोंद बाहेर गेली तर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते, एखाद्याची नोकरी जाऊ शकते. पूर्वी ही नोंद डॉक्टरांच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली खिशात. आता कपाटाचे रूप पालटले आहे; किल्ली सांभाळण्याची जबाबदारी मात्र पूर्वीप्रमाणे डॉक्टरांचीच राहिली आहे.